बाबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, तू अमेरिकेत आहेस ना, मग लाइट कसली जाते सारखी. तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही म्हणून लिहितोय, आत्ताही लाइट नाहीये, लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर लिहितो.

मी राहतो ते प्वेर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट अमेरिकेचंच आहे, १८९८ साली स्पेनकडून घेतलेलं. १९१७ पासून इथले लोक अमेरिकन नागरिक, पासपोर्ट तोच, डॉलर तोच, पण हे राज्य नाही. राष्ट्राध्यक्ष निवडायला मत नाही, वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी जातो पण सभागृहात कायद्यावर त्याला मत देता येत नाही. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात होता, इराकला जाऊन आला, इथे होता तोवर त्याला हे मत नव्हतं आणि फ्लोरिडाला राहायला गेल्यावर मिळालं. मला हे ऐकून खरंच चीड आली बाबा.

आता इथल्या सरकारच्या कर्जाचं, लाइटचा प्रश्न त्याच्याशीही जोडलेला आहे. आमच्यासारख्या फार्मा कंपन्या इथे टॅक्स माफीमुळे आल्या, ती माफी १९९६ पासून कमी करत २००६ ला बंद केली, मग कारखाने गेले, नोकऱ्या गेल्या आणि सरकार बाँड म्हणजे कर्जरोखे काढून दिवस ढकलत राहिलं. इथल्या बाँडच्या व्याजावर अमेरिकेत कुठेच टॅक्स नाही, म्हणून घेणाऱ्यांनीही हात आखडला नाही. २०१५ ला गव्हर्नरने सांगून टाकलं की कर्ज फिटणार नाही, तेव्हा आकडा होता ७२ अब्ज डॉलरच्या आसपास, पेन्शनची देणी वेगळीच. डेट्रॉइट शहराला दिवाळखोरी जाहीर करता आली पण इथल्या सरकारी संस्थांना तो रस्ता १९८४ पासून बंद, मग २०१६ ला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेगळा कायदा केला आणि वर सात जणांचं बोर्ड बसवलं. लोक त्याला 'ला हुंता' म्हणतात, स्पॅनिशमध्ये 'मंडळ'. त्यातल्या एकालाही इथल्या जनतेने निवडलेलं नाही, पण बजेट त्यांनी मान्य केल्याशिवाय पुढे जात नाही.

त्यात २०१७ ला मारिया वादळ, विजेचे खांबच्या खांब आडवे झाले, काही गावांत कित्येक महिने अंधार होता, ती लाइन अजून धड झालेली नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे, बंद पडलेली. गेटला गंजलेलं कुलूप आणि खिडकीच्या तुटक्या पट्ट्यांतून आत बाकं एकावर एक रचलेली दिसतात. मावशी तिथे २८ वर्षं शिकवत होत्या. बाजाराला जाताना त्या बाजूने जात नाहीत, लांबून फिरून जातात, गुडघे दुखत असून.

राज्य व्हावं का यावर २०२० च्या मतदानात ५२ टक्के लोक हो म्हणाले, काँग्रेसने अजून राज्याचा दर्जा दिलेला नाही. स्वातंत्र्य मागणारेही आहेत, त्यांचं म्हणणंही मला पटतं. मावशी राज्यवाल्या. मला एवढंच वाटतं की ज्यांच्याकडून वसुली होते त्यांना ती ठरवणाऱ्यांना निवडता तरी यावं.

बॅटरी ९ टक्के, थांबतो. आईच्या हातचं लिंबाचं लोणचं मावशींना फार आवडलंय, इकडे कोणी येणार असेल तर एक बरणी जास्त पाठव.

तुमचा,
मंदार