त्या शाळेचं पत्र आलंय

प्रिय निमे,

इतके महिने एक ओळ नाही आणि आज एकदम हे लांबलचक पत्र, म्हणून तू चिडशील. चीड, पण आधी शेवटपर्यंत वाच. मी बरी आहे, पाठ अधूनमधून दुखते, आईची साखर आटोक्यात आहे. तब्येतीचं एवढंच.

त्या शाळेचं पत्र आलंय. अमेरिकेतली तीच शाळा. होस्टेलच्या कपाटाच्या दारावर आतून तू जिचं नाव कोरलं होतंस आणि मला न विचारता खाली माझंही आद्याक्षर घुसवलं होतंस, तीच. एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालाय. मेल उघडला, ‘आनंद होतो’पर्यंत वाचलं आणि पुढचं वाचायचं सोडून वरच्या बोधचिन्हाकडेच बघत राहिले. आणि निमे, मला तिथे जायचं नाहीये. हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. प्रवेश मिळालाय हेसुद्धा नाही. बाबांना नुसतं नाव कळलं तरी ते आनंदाने सगळ्यांना फोन करत सुटतील आणि मग मागे फिरणं अवघड होईल. दादा म्हणेल डोकं फिरलंय. तू ओरडशील, पण तुला कळेल, कारण तू तिथे शिकून आलीयस.

दुसरी ऑफर एका राज्य विद्यापीठाची आहे. नाव सांगितलं तर विचारशील, हे नकाशावर कुठे आलं? एपिडेमिऑलॉजीतली, म्हणजे साथरोगशास्त्रातली एमपीएच, सोबत असिस्टंटशिप (शिकता शिकता करायचं काम), ट्यूशन फी माफ, वर महिन्याचा भत्ता. असिस्टंटशिपचं काम राज्याच्या आरोग्य विभागाच्या रोगसर्वेक्षण कक्षात: म्हणजे पुन्हा लाइन लिस्ट, एकेका रुग्णाची एकेक ओळ असलेली ती यादी, पुन्हा दुबार नोंदी काढणं, पुन्हा ‘लक्षणं सुरू झाल्याची तारीख’ या रिकाम्या रकान्यासाठी लोकांना फोन करणं. मला ते काम मनापासून आवडतं, तुला माहितेय. तुझ्या शाळेची ऑफर सर्वसाधारण एमपीएचची आहे, आर्थिक मदत शून्य. सगळा खर्च कर्जावर.

रँकिंगचं म्हणशील तर एकाचा नंबर पहिल्या काहींत, दुसऱ्याचा शोधायला पान खाली खाली सरकवावं लागतं. म्हणून तो नंबर येतो कुठून हे मी मुळापासून वाचून काढलं. यू. एस. न्यूज या अमेरिकन प्रकाशनाची सार्वजनिक आरोग्याच्या शाळांची क्रमवारी फक्त एका गोष्टीवर उभी आहे: डीन आणि प्राध्यापकांना एक प्रश्नावली जाते, त्यांनी इतर शाळांना एक ते पाच गुण द्यायचे. संपलं. शिकवतात कसं, पदवीनंतर मुलं कुठे लागतात, किती कर्ज घेऊन बाहेर पडतात, यातलं काहीही त्यात नाही. ज्यांनी ती शाळा आतून पाहिलेली नाही त्यांचं तिच्याविषयीचं मत, त्याची सरासरी. आपण सर्वेक्षणाच्या फॉर्मवर असा प्रश्न ठेवला असता तर आपल्या साथीच्या कामातल्या मॅडमनी फॉर्म फाडला असता. आणि जिथे आकडे मागतात तिथेही सगळं ठीक असतं असं नाही. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्याच एका गणिताच्या प्राध्यापकाने विद्यापीठाने दिलेली आकडेवारी तपासून चुका दाखवल्या आणि राष्ट्रीय विद्यापीठांच्या यादीत कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. एका वर्षात तिथली एक भिंतही हलली नव्हती.

पण म्हणून नावाला काही अर्थच नाही, असं मी म्हणत नाहीये. नाव फुकट मिळत नाही आणि एका दिवसात होत नाही. १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने सार्वजनिक आरोग्याच्या शाळेसाठी पैसे द्यायचे ठरवले तेव्हा हार्वर्ड, कोलंबिया, पेनसिल्वेनिया हेही रांगेत होते. पैसे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला मिळाले. त्या एका निर्णयावर शंभर वर्षांचं नाव उभं राहिलं, पण मधल्या शंभर वर्षांत तिथल्या माणसांनी कामही केलं. मिशिगन विद्यापीठाचं घे. १९५५ च्या एप्रिलमध्ये साल्कची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे हे जगाला तिथून कळलं, कारण सुमारे १८ लाख मुलांच्या चाचणीचं मूल्यमापन थॉमस फ्रान्सिस यांच्या चमूने तिथे बसून केलं होतं. अशा जागेचा मान ठेवावाच लागतो. मला फक्त एवढंच कळत नाही की १९५५ च्या त्या कामातलं मला किती मिळणार. फ्रान्सिस मला शिकवणार नाहीत. मला शिकवणार तो त्या वर्षी तो विषय वाट्याला आलेला माणूस, आणि दोनशे जणांच्या वर्गात तो मला ओळखेल की नाही हे तूच सांग. तुझ्या शिफारसपत्राच्या वेळी काय झालं होतं ते मी विसरलेले नाही. ‘तुम्ही कुठल्या बॅचच्या?’ असं त्यांनी विचारलं होतं, आणि तू मला रात्री दोन वाजता फोन करून रडली होतीस.

आता आपलं जुनं भांडण. गच्चीवरचं. मी म्हणाले होते, तू शिकायला नाही, नाव आणायला चाललीयस. तू म्हणालीस, ज्याच्याजवळ नाव नाही त्याचं काम कुणी बघत नाही, आणि हे न मानणं म्हणजे ढोंग. मग तू माझी सतरंजी घेऊन खाली गेलीस. (ती सतरंजी तू अजून परत केलेली नाहीस. प्रवासाला घेऊन गेलीस, हे मला छोटीने सांगितलंय.) त्या भांडणाचा निकाल लागला असं मला अजूनही वाटत नाही. कारण तू म्हणालीस त्याचा पुरावा आपण दोघींनी डोळ्यांनी पाहिला होता. गोवरच्या साथीत मॅडमनी काय केलं होतं आठव. सगळे लसीच्या साठ्याच्या मागे लागले होते, आणि त्या एकट्या विचारत होत्या की पुरळ यायच्या साधारण दोन आठवडे आधी ही मुलं कुठे होती. सगळी मुलं एकाच लग्नाला गेली होती, ते त्यांनी काढलं. त्यांची पदवी कुठली हे आपल्याला ठाऊकही नव्हतं. आणि त्यांच्या अहवालाचं सादरीकरण कुणी केलं? मोठ्या पदवीच्या त्या गृहस्थांनी, ज्यांनी एकही घर पाहिलं नव्हतं. मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या आणि आपण त्यांच्याही मागे. परत येताना बसमध्ये तू म्हणालीस, ‘मी त्या व्यासपीठावर बसायची पदवी आणणार.’ तुझा राग खरा होता. माझाही होता. मला फक्त मॅडमसारखं काम यायला हवं होतं, आणि ते आधी.

म्हणून मी दोन्हीकडे सारखेच प्रश्न पाठवले. परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर कुठे काम मिळालं? प्रॅक्टिकमची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची, जागा तुम्ही मिळवून देता की आम्ही शोधायची? पहिल्या वर्षाचं बायोस्टॅट, म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, कोण शिकवतं? आणि अभ्यासक्रमाचा सीआयपी कोड, म्हणजे विषयाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक, काय? हा शेवटचा प्रश्न मला कुणी सुचवला नव्हता, नियम वाचताना सापडला, आणि तोच सगळ्यात जड निघाला. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकणाऱ्याला पदवीनंतर वर्षभराचं ओपीटी, म्हणजे तिथे काम करायची परवानगी, मिळतं. कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने. एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोड त्या यादीत आहेत, सर्वसाधारण पब्लिक हेल्थचा नाही. पदवीवर दोन्हीकडे एमपीएचच लिहिलेलं असेल, पण एकीकडे काम शिकायला तीन वर्षं आणि दुसरीकडे एक. राज्य विद्यापीठातल्या बाईंनी सगळ्या प्रश्नांची ओळीने उत्तरं दिली आणि शिकत असलेल्या दोन मुलींचे नंबरही दिले. तुझ्या शाळेने माहितीपुस्तिकेची लिंक पाठवली. मोठ्या ठिकाणी अर्ज हजारोंनी येत असतील, मी समजू शकते. पण मी पुन्हा विचारलं, तर पुन्हा तीच लिंक आली.

मान्यता दोघांनाही आहे, सीईपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन संस्थेची. भरतीत कुठे ही अट असलीच, तर ती दोन्हीकडे पुरी होते. एमपीएचला किमान ४२ क्रेडिट, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, सगळ्यांना समान पायाभूत कौशल्यं, हे दोन्हीकडे सारखंच. मान्यता नसलेल्या जागेकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं. त्या रेषेच्या वर नाव किती वजनाचं, एवढाच माझा प्रश्न आहे.

आणि इथे एक भीती आहे जी रात्री झोपू देत नाही. समजा व्हिसाचं फिसकटलं आणि परत यावं लागलं. किंवा उद्या तिसऱ्याच देशात काम मिळवायचं झालं. तुझ्या शाळेचं नाव तिथे माझ्या आधी पोचलेलं असेल. या राज्य विद्यापीठाचं नाव मला दर वेळी समजावून सांगावं लागेल. त्या राज्यात आरोग्य विभागातली माणसं तिथल्या मुलांना डोळे झाकून घेतात, दोन्ही मुलींनी हेच सांगितलं. पण सीमेच्या बाहेर? एमोरी विद्यापीठ सीडीसीच्या, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, शेजारी आहे म्हणून तिथल्या मुलांना काम मिळतं आणि शिवाय नावही दूरवर जातं. माझ्या या विद्यापीठाचं तसं नाही. त्याची पत खरी आहे, पण जवळपासची आहे. पीएचडीचा विचार केला तरी हाच प्रश्न येतो. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मला खोटं उत्तर बनवायचं नाही.

तरीही मी दर वेळी कर्जापाशी येऊन थांबते. तुझे हप्ते मी पाहिलेत, निमे. तू साथरोगाच्या कामासाठी गेलीस आणि आज विमा कंपनीचे दावे तपासतेस. काम तू चोख करतेस, त्यात काहीच कमी नाही, आणि मी हे टोचायला लिहीत नाहीये. पण जिल्हा आरोग्य खात्याची ती जागा तुला मिळाली होती आणि तू ती सोडलीस, कारण तिच्या पगारात हप्ता बसत नव्हता. व्यासपीठावर बसायची पदवी तू आणलीस आणि त्या पदवीच्या किमतीने तुला त्या सभागृहापासूनच लांब नेलं. आपल्या क्षेत्रात पगार कमी आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी सगळ्यात महाग पदव्यांची शिफारस आपण एकमेकींना करतो. मला लाइन लिस्टचं काम परवडायला हवं. राज्य विद्यापीठात गेले तर कर्ज नसेल, म्हणून मला कमी पगाराचं काम निवडता येईल. हे मला नावापेक्षा मोठं वाटतं. तुला तसं वाटतं का, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय, आणि मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस.

तुझं काय चाललंय? पिल्लू रांगायला लागलं का? भावजींची बदली रद्द झाली ना? सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं छोटीकडून कळलं. नवीन घराचे फोटो पाठव, त्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं इतकं ऐकलंय. तू पुन्हा गायला बसतेस असं ऐकलं, फार बरं वाटलं. सविस्तर बोलू.

आता तीन कामं. एक, तुझ्या कंपनीत भरतीच्या समितीवर ज्या बाई आहेत त्यांना एवढंच विचार: अनुभवाची तीन वर्षं आणि अनोळखी विद्यापीठ, की मोठं नाव आणि कोरी पाटी, यातला कुठला अर्ज त्या आधी उघडतील? तू त्यांच्या वतीने उत्तर देऊ नकोस, त्यांनाच विचार. दोन, तुझ्या बॅचमधल्या परदेशी मुलींपैकी किती जणी आज सार्वजनिक आरोग्यात आहेत ते आठवून लिही. नावं नकोत, ‘बऱ्याच’ किंवा ‘थोड्या’ चालेल. तीन, बाबांना कसं सांगायचं ते सुचव. त्यांचा तुझ्यावर माझ्याहून जास्त विश्वास आहे, हे तुलाही माहितेय. तू त्यांना फोन करशील का? पण मी आधी बोलते, मग तू.

उत्तर द्यायची मुदत पुढच्या सोमवारी संपते. त्याआधी रविवारी रात्री फोन कर, पिल्लू झोपल्यावर, कितीही उशीर झाला तरी. भांडायचं असेल तर भांड. सतरंजी तेवढी धुऊन ठेव, मी न्यायला येणार आहे.

तुझीच