बाबांची सही अडली आहे

ठाणे

प्रिय सुमे,

पुन्हा बोटीच्या सहलीला जायचंय, त्याच्या एका कागदावर सही करायला बाबा तुझ्यावर अडून बसलेत, म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू दोन पेशंटच्या मध्ये घाईघाईने "बरं, बोलते त्यांच्याशी" म्हणाली असतीस. पण त्यांच्याशी काय बोलायचं ते तुला नीट कळायला हवं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लांब लिहिलं की तू फक्त शेवटची ओळ वाचतेस. तेव्हा चहा घेऊन बस.

तब्येती बऱ्या आहेत. बाबांचं बीपी ताब्यात, लुळी पडलेली उजवी बाजू होती तशीच. आईचे गुडघे. झालं.

तर आम्ही बोटीने जाऊन आलो. मुंबई, गोवा, लक्षद्वीप. दादा नको म्हणत होता, वहिनी हो म्हणत होती, आणि मुक्ताची एकच अट होती: सगळ्यांबरोबर एकाच टेबलावर बसून जेवायचं, डबा उघडायचा नाही. अठरा वर्षांची झाली ती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक सहलीत कोपऱ्यात बसून भाकरीचा डबा खाल्लाय तिने. मला ती अट बाबांच्या खुर्चीइतकीच महत्त्वाची वाटली.

बुकिंग ज्या कंपनीकडून केलं तिचं नाव लिहीत नाही, भेटल्यावर सांगीन. त्यांच्या माणसाला मी मुक्ताचं सगळं समजावून सांगितलं. गहू नाही, रवा नाही, मैदा नाही, जव नाही. एकाच तव्यावर आधी पोळी आणि मग तिचा डोसा, हेही चालत नाही. तो "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला आणि फॉर्मवर लिहिलं काय, तर "जैन". पहिल्या रात्री मुक्तासमोर कांदा-लसूण नसलेली सुंदर भाजी आली आणि वर दोन गरम फुलके! बाबा म्हणाले, "पोरीक धर्म बदलूक लावल्यानी." मुक्ता हसून हसून लाल झाली, पण उपाशीच राहिली. खोलीचंही तेच. "व्हीलचेअर फ्रेंडली आहे" असं तोंडी सांगितलेलं. खुर्चीची रुंदी पंचवीस इंच आणि दार तेवीस. वर न्हाणीघराला हा एवढा उंबरा. खुर्चीची सोय असलेल्या खोल्या बोटीवर मोजक्याच असतात आणि त्या केव्हाच भरलेल्या. बाहेर बोळात खुर्ची ठेवू देत नाहीत, कारण आणीबाणीत वाट अडते. मग रोज दारात बाबांना उठवून उभं करायचं, खुर्ची मिटायची, आत न्यायची, पुन्हा उघडायची. दादाची कंबर तिथेच धरली.

आता तू म्हणशील, "एवढं विचारत बसलं की कुठेच जाणं होत नाही." म्हणशीलच. तू काकूंना न सांगता-सवरता पंढरपूरला घेऊन गेलीस, पोचल्यावर बघू म्हणालीस, त्यावरून आपण चार महिने बोललो नव्हतो. अजूनही माझं मत तेच आहे सुमे. खुर्चीवरच्या माणसाला घेऊन निघताना दाराची रुंदी इंचात विचारायची, उंबरा किती उंच ते विचारायचं, न्हाणीत बसायला स्टूल आहे का ते विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. तेही बोट चालवणाऱ्यांच्या अपंग-सहाय्य विभागाकडून, मधल्या माणसाकडून नाही. काकूंना तिथे दोन पोरांनी उचलून नेलं आणि त्या आनंदात होत्या हे मला मान्य आहे. पण ती पोरं नसती तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थेट मुदपाकखान्याच्या मुख्य शेफला भेटायला मागितलं. निघाला गोव्याचा, सासष्टीतला. त्याचा बाप तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, आजाही तारवटी. मी ग्लुटेन, म्हणजे गव्हा-जवातलं ते प्रथिन, म्हटल्याबरोबर तो आत गेला, हिंगाची डबी घेऊन आला आणि माझ्यासमोर उलटी धरली. बारीक अक्षरांत लिहिलेलं: गव्हाचं पीठ. म्हणाला, "बाई, लोक पोळी बंद करतात आणि वरणातून गहू खातात." मला त्याचे पाय धरावेसे वाटले. सोया सॉसमध्ये गहू, सामोसे तळलेल्या तेलातच बटाटेवडे, चटणीच्या वाटीत कुणीतरी बुडवलेला पावाचा चमचा, हे सगळं त्यानेच सांगितलं. आपल्याकडे "ग्लुटेन-फ्री" छापायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं, म्हणजे चिमूटभर पीठ उडालं तरी संपलं. त्याने एक तवा वेगळा काढला, त्याला लाल फडकं बांधलं आणि रोज सकाळी मुक्ताला तांदळाची घावनं केली. बुफेतून काही घ्यायचं नाही, जे येईल ते थेट आतून, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी मुक्ता सगळ्यांच्या मध्ये बसून जेवत होती आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारत होत्या, तिला घावनं, मग आम्हाला का नाहीत?

बाबांचं गिळणंही त्याने सांभाळलं. पातळ काही घेतलं की ठसका लागतो हे तुला माहीतच आहे. पावडरचे डबे मी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट नेले होते. त्याने सोलकढीसुद्धा पावडर घालून दाट करून दिली. बाबांनी तोंड वाकडं केलं, पण वाटी संपवली.

गोव्याला मुरगावला बोट धक्क्यालाच लागली. ओहोटी होती त्यामुळे उतरायची फळी बरीच तिरकी. दोन खलाशांनी खुर्ची उलटी फिरवली, एक खाली, एक वर, आणि सावकाश मागे मागे नेत उतरवली. बाबांनी धक्क्यावर डावा हात टेकवला. संध्याकाळभर गडी खूश.

आणि मग लक्षद्वीपचं अगत्ती बेट.

तिथे बोट धक्क्याला लागत नाही. बाहेर खोल पाण्यात उभी राहते, आत उथळ निळं पाणी, आणि लहान होड्यांतून न्यायचं. म्हणजे पडावच की, नाव टेंडर. बोटीच्या पोटातलं दार उघडलं, बाहेर होडी वीतभर वर यायची, हातभर खाली जायची. जो आपल्या पायाने तेवढं पाऊल टाकू शकतो तोच जाणार, असा नियम. अधिकारी पोरगेला, फार अदबीने सांगत होता. बाबा त्याला म्हणाले, "अरे, तुझ्या जन्माआधी मी पडावातसून उतरलंय. तू माका शिकवू नको." त्याला अक्षर कळलं नाही. तो हात जोडून उभा. मी बघितलं सुमे, बाबांचा डावा हात खुर्चीच्या कडेवर घट्ट आवळलेला. होडीवाल्याकडे बघत नव्हते, त्या दोरखंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही जावा." मुक्ता जाईना, तिला ओरडून पाठवलं. मी थांबले. आम्ही दोघं वरच्या डेकवर बसून बेट बघत राहिलो. नारळ दिसत होते, माणसं दिसत होती, दादाचा पिवळा शर्टसुद्धा ओळखू येत होता. बाबा एक शब्द बोलले नाहीत.

मला त्या दिवसापासून हेच छळतंय. इतक्या दूर नेऊन, जवळ नेऊन, पाय टेकवू न देता परत आणणं बरं का? घरी खिडकीशी बसले असते तर निदान हे दिसलं नसतं, असं दादा म्हणतो. मला ते पटत नाही आणि तरी रात्री जाग आली की तेच डोक्यात येतं. दुसरी भीती वेगळीच. निघायच्या आधी सगळ्यांना जमवून कवायत घेतात ना, भोंगा वाजला की कुठे जायचं ती. 2012 मध्ये इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडली, 32 माणसं गेली, आणि नव्याने चढलेल्या लोकांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर बोट सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी कवायत घ्यायलाच हवी असा नियम झाला. आमचीही घेतली. बाबांचा खोली नंबर त्यांच्या मदतीच्या यादीत लिहून घेतला, जिन्यावरून न्यायची खुर्ची दाखवली, आणि सांगितलं की आणीबाणीत लिफ्ट बंद. ते ऐकल्यापासून मी प्रत्येक जिना बघत होते. आईला अर्थातच "रामदास" आठवली. तिचे मामा 17 जुलै 1947 ला त्याच बोटीने रेवसला जायला निघाले होते आणि धक्क्यावर उशिरा पोचले, ही गोष्ट तिने सबंध टेबलाला ऐकवली. तीही पहिल्याच जेवणाला! वहिनीने पानातला मासा तसाच ठेवला.

परतीच्या रात्री बाबा झोपायला तयार नव्हते. वेंगुर्ल्याचा दिवा दिसणार म्हणून डेकवर बसले. दादा म्हणाला, ते मासेमारीचे ट्रॉलर आहेत. बाबा म्हणाले, "माझा दिवा मी वळखतंय." दिवा होता की ट्रॉलर, मी वाद घातला नाही. पण तिथे त्यांचं तोंड उघडलं, आणि निघालं कोण? तुझे आजोबा.

तीच गोष्ट, लग्नानंतरची. मे महिन्याचे शेवटचे दिवस, "कोकण सेवक" भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली, आईला बोट लागलेली, जयगडपासून रत्नागिरीपर्यंत आणि रत्नागिरीपासून देवगडपर्यंत नुसत्या उलट्या. वेंगुर्ल्यासमोर बोट उभी राहिली तर दर्या चढलेला. तुझे आजोबा पडावाचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. ते पडाव घेऊन अर्ध्या वाटेवर आले, थांबले, लाटा बघितल्या, हात हलवला आणि पडाव फिरवला. बोटीवर लोकांनी आरडाओरडा केला, शिव्या घातल्या. आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. मग बोट सगळ्यांना घेऊन पणजीला, तिथून एस.टी.ने घरी. बाबा ही गोष्ट नेहमी एकाच वाक्याने संपवतात: "खरो तांडेल तो." लहानपणापासून ऐकतोय आपण. त्या रात्रीही तसंच म्हणाले, आणि मला लख्ख दिसलं की अगत्तीच्या त्या पोरग्या अधिकाऱ्याने तुझ्या आजोबांनीच केलं तेच केलं. पण हे मी बाबांना सांगू शकत नाही. मी बोलले की ते म्हणणार, "तू ठाण्याची, तुका काय कळता दर्यातला."

आता मुद्द्याचं. घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी स्वतःच विषय काढला: पुन्हा जायचं. यावेळी मी कंपनीबिंपनी मध्ये न ठेवता थेट लिहिलं. सिंगापूरहून निघायचं, मलेशियातलं पोर्ट क्लांग, पेनांग, मग थायलंडचं फुकेत. पोर्ट क्लांगला आणि पेनांगला बोट धक्क्याला लागते. पेनांगचा स्वेटनहॅम धक्का तर जॉर्जटाउन गावातच आहे, म्हणजे बाबांना खुर्चीवरून सरळ गावात फिरवता येईल. खोली बत्तीस इंची दाराची, न्हाणीला उंबरा नाही, हे लेखी आलंय. मुक्ताच्या जेवणाचं दीड-दोन महिने आधी कळवायचं असतं, ते कळवलं, हिंगासकट. फक्त फुकेतला पातोंग किनाऱ्यासमोर बोट बाहेर उभी राहते आणि लहान होड्या. म्हणून त्यांनी एक कागद पाठवलाय: जिथे बोट धक्क्याला लागत नाही तिथे प्रवासी बोटीवरच थांबेल, हे मान्य. खाली सही.

बाबा सही करत नाहीत. "मी वेंगुर्ल्याचो. होडीत चढूचंय नाय असा लिहून देऊक माझो हात उठाचो नाय." दादा म्हणाला, मग राहू दे, घरी बसू. आई म्हणाली, मी करते त्यांची सही. मी कागद कपाटात ठेवला. काल बाबा आपणहून म्हणाले, "सुमी सांगात तर करतंय."

मला ते जायला हवे आहेत, सुमे. अगत्तीचा तो दिवस जमेस धरूनही हवे आहेत. मुरगावच्या धक्क्यावर टेकवलेला तो हात मी पाहिलाय. पण सही त्यांनी हरून केलेली मला नकोय. पावसाळ्यात बोटी बंद असायच्या, नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी दर्यात होडी घालत नव्हतं, त्याबद्दल वेंगुर्ल्यात कुणी रुसून बसलं होतं का? हे त्यांना तू सांग. पडाव का फिरवला ते तुझ्या आजोबांनी तुला काय सांगितलं होतं तेही सांग, मी ते कधी नीट ऐकलंच नाही. खोटं काही रचू नकोस, त्यांना लगेच कळेल. "पुढच्या वेळी उतरवतील" असली आशा तर अजिबात लावू नकोस.

तुझं काय? चिन्मयचा निकाल लागला का? गच्ची गळायची थांबली? यजमानांची बदली टळली हे वहिनीकडून कळलं, बरं झालं. नवीन क्लिनिकचा फोटो पाठव, पाटीवर तुझं माहेरचं नाव ठेवलंस हे मला फार आवडलं. सिंगापूरला तूही चल असं बाबांचं म्हणणं आहे, खर्च अर्धा ते देतील म्हणे. त्यांच्या पेन्शनीतून! पण खरंच विचार कर. खुर्ची फिरवायला तुझ्यासारखं शिकलेलं माणूस असलं तर दादाची कंबर वाचेल.

रविवारी चारनंतर फोन कर, ते झोपून उठलेले असतात. आईच्या मोबाइलवर कर, त्यांच्या फोनचा आवाज खरखरतो. मालवणीत बोल, आणि सुरुवातीलाच सहीचं काढू नकोस, आधी मासळीचे भाव विचार. कागद बुधवारपर्यंत पाठवायचाय.

तुझी,
शुभा

ता. क. काकूंच्या घावनांचं पिठाचं प्रमाण कळव. आमची तव्याला चिकटतात आणि मुक्ता त्या शेफचं नाव काढते.