ध्वज जाळण्याबद्दल तू विचारलंस म्हणून

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

वादसभेचा विषय वाचला. 'निषेध म्हणून राष्ट्रध्वज जाळणे हा अभिव्यक्तीचा भाग मानावा काय', आणि तुझ्या वाट्याला आलेली बाजू 'मानावा' ही. विषय जाहीर होताच वर्गातल्या एकानं तुला देशद्रोही ठरवलं, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. कायदा बदलावा असं सभेत म्हणणं हा गुन्हा नाही. पण ते का नाही, हे तुला कायद्याच्याच शब्दांत सांगता आलं पाहिजे. म्हणून जरा लांबण लावते.

आधी मूळ कायदा काढून वाच. राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१. दोन-तीन पानांचाच आहे. कलम २ म्हणतं की सार्वजनिक ठिकाणी, किंवा लोकांच्या नजरेस पडेल अशा दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी, जो कोणी राष्ट्रध्वज किंवा भारताचं संविधान जाळील, फाडील, विद्रूप करील, पायदळी तुडवील किंवा त्याचा अनादर करील, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्षाची कैद, ही तरतूद २००३ साली आली. कलमाखालची स्पष्टीकरणं बहुतेक जण वाचतच नाहीत आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिलं स्पष्टीकरण तुझ्या कामाचं. संविधानात किंवा ध्वजात कायदेशीर मार्गानं बदल व्हावा या हेतूनं संविधानावर, ध्वजावर किंवा सरकारच्या कुठल्याही कृतीवर केलेली टीका हा गुन्हा नव्हे, असं संसदेनंच लिहून ठेवलंय. कोणी उठून 'हा विषयच बेकायदा आहे' म्हणालं, तर हे स्पष्टीकरण शांतपणे वाचून दाखव.

दुसरं स्पष्टीकरण मात्र तुम्हाला अडचणीत आणू शकतं. कायद्याच्या दृष्टीनं 'राष्ट्रध्वज' म्हणजे कापडी झेंडा एवढंच नव्हे. ध्वजाचं चित्र, छायाचित्र, कुठल्याही पदार्थावर उमटवलेली त्याची किंवा त्याच्या भागाची आकृती, हे सगळं त्यात येतं. तुमच्या मंडळानं पोस्टरवर पेटता तिरंगा काढायचं ठरवलंय ना? ते आजच्या आज थांबव. कॉलेजच्या फाटकावर लावलेलं ते पोस्टर लोकांच्या नजरेस पडणारच. विषय पोचवण्यासाठी ते चित्र लागत नाही. नुसती अक्षरं पुरतात. सभागृहात प्रात्यक्षिक म्हणून छोटा कागदी झेंडा फाडून दाखवायची टूमही कोणी काढेल. ठाम नाही म्हण. बोलणं आणि करणं यातला फरक कायदा मोजतो, आणि तुझी सगळी ताकद बोलण्यात आहे.

हेतूचा मुद्दा नीट समजून घे. ध्वज जमिनीला टेकणं किंवा केशरी पट्टा खाली येईल असा तो लावणं हा अनादर ठरण्यासाठी ते 'जाणूनबुजून' केलेलं असावं, असं कायदा स्पष्ट सांगतो. झेंडावंदनाच्या दिवशी उलटा ध्वज वर गेल्याच्या बातम्या येतात. त्यात बहुतेक वेळा फुलांच्या पाकळ्या घालून बांधलेल्या पुरचुंडीची दोन टोकं दोरीला अदलाबदल होऊन लागलेली असतात. ज्या टोकाला लाकडी खिट्टी असते ते केशरी पट्ट्याचं, ते वर. बांधणाऱ्यानं एकदा बोट लावून तपासलं की हा प्रकार होत नाही. तरी झालाच, तर ध्वज उतरवून नीट लावायचा. बिचाऱ्या शिपायावर गुन्हा नोंदवा म्हणून ओरडणाऱ्यानं कायदा वाचलेला नसतो.

कोइमतूरला २०१३ च्या नाताळात तिरंगी नकाशा आणि अशोकचक्र काढलेला सहा फूट बाय पाच फुटांचा केक कापला गेला आणि त्यावरून खटला उभा राहिला. मद्रास उच्च न्यायालयानं मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. तिथे जमलेल्या लोकांच्या मनात अपमानाची भावना होती का, की देशाबद्दलचा अभिमानच होता, हे न्यायालयानं पाहिलं. भाषणात हा निकाल घे. प्रतिपक्षालाही तो नाकारता येणार नाही.

आता तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. त्यावर वाजवी निर्बंध कोणत्या कारणांनी घालता येतील त्याची यादी १९(२) मध्ये आहे: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. आठ कारणं. राष्ट्रध्वजाचा अवमान हे कारण त्यात शब्दशः कुठेच नाही. तेव्हा १९७१ चा कायदा टिकवायचा तर तो या आठांपैकी कशात तरी बसवून दाखवावा लागतो. चौकात झेंडा जाळल्यानं दंगल उसळेल म्हणून बंदी, असं म्हटलं तर सुव्यवस्थेचं कारण लागू पडतं. पण दंगल करणारे दुसरे आणि शिक्षा जाळणाऱ्याला, हे कसं, असा उलट प्रश्न तुला विचारता येईल. शिवाय कलम २ मध्ये कृतीबरोबर तोंडी आणि लेखी शब्दसुद्धा आहेत. शब्दांसाठी तीन वर्षं कैद मला तरी पटत नाही.

प्रतिपक्ष उद्योगपती नवीन जिंदल यांचा खटला आणेल, त्याची तयारी ठेव. कारखान्यावर ध्वज लावण्यापासून रोखलं म्हणून जिंदल न्यायालयात गेले. २३ जानेवारी २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सन्मानानं राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा १९(१)(क) खालचा मूलभूत अधिकार आहे, पण तो निरंकुश नाही. ध्वजाच्या वापराचं नियमन १९५० चा (बोधचिन्हं व नावं यांचा अनुचित वापर रोखणारा) आणि १९७१ चा असे दोन कायदे करतात. ध्वज कसा वापरावा याच्या सरकारी नियमावलीला, म्हणजे ध्वजसंहितेला, न्यायालयानं कायद्याचा दर्जा दिला नाही, तरी ध्वजाच्या सन्मानापुरती ती पाळावी असं म्हटलं. हा निकाल दोन्ही बाजूंना कापतो. ध्वज फडकवणं ही अभिव्यक्ती असेल, तर ध्वजाशी केलेली दुसरी कृतीही निदान अभिव्यक्ती आहे, हे मान्य करावं लागतं. मग उरतो तो निर्बंध वाजवी आहे की नाही एवढाच वाद. भाषण तिथे आणून उभं कर.

अमेरिकेचा दाखला देणार असशील तर अर्धवट देऊ नकोस. १९८४ साली डॅलसमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी ग्रेगरी ली जॉन्सन यानं नगरसभागृहासमोर झेंडा जाळला. टेक्सासमध्ये त्याला एक वर्ष कैद आणि २००० डॉलर दंड झाला. २१ जून १९८९ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती शिक्षा चुकीची ठरवली आणि ४८ राज्यांतले असे कायदे निकामी झाले. पाचांतले न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्याला न आवडणारा निर्णयही कधी कधी द्यावा लागतो असं लिहिलं. झेंड्याचा तिरस्कार करणाऱ्यालाही तोच झेंडा संरक्षण देतो, हे त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी त्यांच्या संसदेनं नवा कायदा केला, तोही १९९० मध्ये पाच-चारनंच पडला. २००६ साली घटनादुरुस्तीला सिनेटमध्ये ६६ मतं पडली, हवी होती ६७. म्हणजे तो समाजसुद्धा यावर एकमतानं उभा नाही. आणि तिथेही दुसऱ्याच्या मालकीचा झेंडा जाळला किंवा कुठेही आग लावली, तर त्याबद्दलचे इतर कायदे लागू होतातच.

पण बाहेरचा दाखला फार ताणू नकोस, आपल्या घरातच भरपूर आहे. १९२३ साली नागपुरात झेंडा घेऊन मिरवणूक काढणं हाच अपराध होता. जमनालाल बजाज आणि नंतर वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली त्या झेंडा सत्याग्रहात देशभरातून स्वयंसेवक येऊन तुरुंगात गेले. आपला झेंडा मुळात सत्तेनं बंदी घातलेली अभिव्यक्ती म्हणून रस्त्यावर आला, हे सभेत आवर्जून सांग. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. १९२१ साली गांधीजींनी मुंबईत परळला विदेशी कापडाची होळी केली. आग हे आपल्या राजकारणातलं जुनं बोलणं आहे. पुढे २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत बाबासाहेब म्हणाले की हे संविधान जाळायला मी सगळ्यात पुढे असेन. ज्यांनी ते लिहिलं त्यांनीच. सभागृहात बोलल्यामुळे त्यांना विशेषाधिकार होता हे खरं, पण त्या संतापातलं देशप्रेम कोण नाकारील? उलट बाजूही सांग: १९५७ साली द्रविड चळवळीनं संविधानाच्या पानांची होळी करायचं ठरवलं, तेव्हा मद्रास राज्यानं घाईनं कायदा केला आणि अनेकांना तुरुंगात टाकलं. १९७१ च्या कायद्याच्या आधीची ती पायवाट आहे.

देशभक्तीची परीक्षा घेणारे भेटतील. त्यांच्यासाठी केरळचा बिजो इमॅन्युएल खटला लक्षात ठेव. तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये शाळेनं त्यांना काढून टाकलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. उभं राहण्यात मान आहे, गाण्याची सक्ती करता येत नाही, हे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलं.

तुझ्याकडे १५ ऑगस्टनंतरचे झेंडे गोळा करायचं काम आहे असंही कळलं. ही गोष्ट भाषणात नक्की वापर: खराब झालेला ध्वज नष्ट करायला आपली ध्वजसंहिताच जाळण्याला पसंती देते! संपूर्ण ध्वज, खासगीत, शक्यतो जाळून किंवा त्याचा मान राखणाऱ्या दुसऱ्या रीतीनं. तीच आग, पण जागा आणि भाव वेगळे. कायदा नेमकी हीच दोन टोकं वेगळी करतो.

काम करताना घाई नको. प्लॅस्टिकचे, कागदी आणि कापडी असे तीन ढीग कर. डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टरचे झेंडेही चालतात, म्हणून कापडी ढीग पुन्हा वेगळा करावा लागेल. निकामी ध्वजाच्या नेफ्यातून आधीच सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून काडी लाव. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख होते. पॉलिस्टर आकसतं, काळा धूर काढतं आणि टोकाला टणक काळी गोळी जमते. असा झेंडा जाळायचा नाही. वितळलेले थेंब उडून हात भाजतो आणि धूर घशाला लागतो. तो घडी घालून पेटीत ठेवून पुरा. घडीची रीत अशी: ध्वज आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या मागे दुमडायचे, मग पांढरा दोन्ही बाजूंनी असा दुमडायचा की वर अशोकचक्र आणि दोन रंगांच्या कडाच दिसतील.

सुती ध्वजाची काठी आणि दोरी काढून ठेव, कापड मात्र फाडू नकोस. घमेल्यात किंवा लोखंडी बादलीत, एका वेळी एकच. मोठ्या घडीला आतून हवा मिळत नाही, अर्धवट जळकी कापडं उरतात आणि ती तशीच कचऱ्यात गेली तर सगळ्या कामावर पाणी. शेजारी पाण्याची बादली हवी. आजूबाजूच्या इमारतींतून दिसणारी गच्ची निवडू नका, ती लोकांच्या नजरेतली जागा झाली. आणि कोणालाही मोबाइलवर चित्रण करू देऊ नकोस. पाच सेकंदांचा तुकडा बाहेर गेला की बादलीही दिसत नाही आणि तुमचा हेतूही. थंड झालेली राख झाडाखालच्या मातीत मिसळा. कागदी झेंडेही रस्त्यावर टाकायचे नाहीत, तेही खासगीतच निकालात काढायचे. प्लॅस्टिकचे संहितेत बसतच नाहीत; ते वेगळे ठेवून प्राचार्यांना दाखव, म्हणजे पुढच्या वर्षी विकत तरी आणणार नाहीत.

माझं मत विचारलंस. चौकात झेंडा जळताना पाहणं मला सहन होणार नाही. ज्यासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या ते कापड आहे ते. तरीही जाळणाऱ्याला तीन वर्षं डांबण्यापेक्षा त्याला एवढी चीड कशाची आली हे देशानं ऐकावं असं मला वाटतं, आणि शब्दांसाठीची शिक्षा तर कायद्यातून निघावीच. तू याहून वेगळं म्हणालीस तरी चालेल, फक्त कलमाचा आकडा चुकवू नकोस.

भाषणाचा कच्चा मसुदा रविवारपर्यंत पाठव. बाबा आठ कारणांची यादी तपासून देतील. १९५१ ची पहिली आणि १९६३ ची सोळावी घटनादुरुस्ती यांनी ती कशी वाढली, तेही त्यात हवं.

तुझी,
आई