भरती टाळायला पळाला, अन्…

संपादक महोदय,

अमेरिकी घोडदळ आणि लाकोटा-शायेन या मूळनिवासी जमातींमधली लिटल बिगहॉर्नची लढाई म्हटली की सगळे तिथे पडलेल्या सेनानी कस्टरपाशीच अडकतात. चार्ल्स विंडॉल्फ कुणाला आठवत नाही. हा जर्मन जोडे शिवणारा सक्तीची लष्करभरती चुकवायला अमेरिकेत आला आणि पोटापायी, नशीब बघा, तिथल्याच घोडदळात शिरला! जून १८७६मध्ये टेकडीवर वेढलेले जखमी पाण्यावाचून तडफडत होते. किटल्या घेऊन काहीजण नदीकडे उतरले, तेव्हा विंडॉल्फ आणि तिघे सोबती उघड्यावर उभे राहून शत्रूचा मारा स्वतःवर ओढत राहिले. त्याबद्दल ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी शौर्यपदक मिळाले. घोडदळाची ही मोहीम मात्र लाकोटा-शायेनांना राखीव वसाहतींत कोंडण्याची होती, हेही लिहायला हवे. पुढे तो होमस्टेकच्या सोन्याच्या खाणीत राबला. १९५०मध्ये, ९८व्या वर्षी वारला.

– एक वाचक, सातारा