फौंड्री कामगाराला आधार कोणाचा?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावमधल्या फौंड्रींचे कास्टिंग (वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले भाग) परदेशी जाते. तिकडची मागणी घटली की पहिला घरी बसतो तो कंत्राटी कामगार. (ऑर्डरी जोरात असतात तेव्हा हाच 'घरचा माणूस' असतो!) परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी अमेरिकेने १९६२ मध्येच प्रशिक्षण व भत्त्याची योजना आणली, २०२२ पासून नव्या अर्जदारांना तीही बंद. आपल्याकडे २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तीही ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा) पुरेसा काळ नाव असलेल्यालाच. आमच्या गल्लीतल्या मोल्डरची बावीस वर्षे साच्यांवर गेली, पण ईएसआयमध्ये नाव जेमतेम सहा महिने. त्याने कुठे जायचे? निर्यातदारांसाठी सवलती मागताना अशा कामगारांना आयटीआयमध्ये सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचे) प्रशिक्षण आणि तोवर भत्ता, एवढे तरी आमदार-खासदारांनी मागावे.

– एक वाचक, कोल्हापूर