वरच्या मजल्यावरचा लॉफ्ट, खालच्या मजल्यावरचा बीम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या प्रॉपर्टी पुरवणीत काळा घोड्यातल्या एका जुन्या इमारतीतल्या रिनोव्हेट केलेल्या लक्झरी लॉफ्टवर अख्खं पान होतं. फोटो सुंदरच होते, उंचच उंच छत, गिलावा काढून उघड्या केलेल्या विटांची भिंत, मधल्या भिंती पाडून केलेला एकच मोठा हॉल, लोखंडी जिन्याने वर जायचा मेझनाइन म्हणजे पोटमाळा, आणि दोन बाथरूम ज्यातल्या एकात टब. पण हा मजला कशावर उभा आहे, भिंती पाडताना कुठल्या स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारलं होतं का, खाली कोण राहतं, याबद्दल त्या पानात एक अक्षर नाही. मी अशाच एका लॉफ्टच्या खाली राहते म्हणून हे पत्र लिहितेय.

आमची बिल्डिंग फोर्टमधली, १९४० च्या आधीची, म्हणजे सेसच्या (दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या उपकराच्या) यादीत ए कॅटेगरीतली, जागा आजोबांपासून पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर घेतलेली. जाड विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा, आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेले सागवानी बीम ज्यांच्यावर वरच्या घराची जमीन बसलेली. वरची जागा हस्तांतरित झाली आणि काम सुरू झालं, महिनोन् महिने जिन्यावरून डेब्रिजच्या गोण्या उतरत होत्या आणि त्या गोण्यांत काय होतं तर भिंतीचा चुना आणि विटा. आम्ही विचारलं तर उत्तर एकच, आतलं इंटिरियरचं काम आहे, तुमचा काय संबंध.

संबंध पहिल्याच पावसाळ्यात कळला. आमच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली म्हणून सुताराला बोलावलं, त्याने फळी काढली आणि बीमचं भिंतीत गेलेलं टोक दाखवलं. बाहेरून बघितलं तर तुळतुळीत, पण स्क्रू-ड्रायव्हर लावला तर चहात बुडवलेल्या बिस्किटात जावा तसा आत गेला. सुतार म्हणाला, ताई, मधलं लाकूड अजून पन्नास वर्षं जाईल, पण टोक गेलं की बीम गेला.

नंतर आम्ही भाडेकरूंनी वर्गणी काढून एक इंजिनियर आणला त्यांनी जे समजावलं ते सगळ्यांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या काळची वीट बऱ्यापैकी मऊ असते, ती उघडी ठेवायला केलेलीच नव्हती, तिच्यावर चुना हवाच, आणि चुना भिंतीतली ओल बाहेर सोडत राहतो. बाहेरच्या भिंतीचा गिलावा आतून खरवडून वर पॉलिश मारलं, किंवा सिमेंटने सांधे भरले, की ती ओल आतच अडकते आणि मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात सरकत सरकत लाकडाच्या टोकाकडे जाते. दुसरी गोष्ट बाथरूमची. जुन्या इमारतींत संडास-मोऱ्या मागच्या बाजूला असायच्या त्याला कारण होतं, पाणी लाकडी जमिनीपासून लांब ठेवायचं. आता बेडरूमला लागून बाथरूम हवं म्हणून ते बीमच्या बरोबर मध्ये येतं, वर कोबा, त्यावर मार्बल. तीनशे लिटरचा टब भरला की नुसत्या पाण्याचंच वजन तीनशे किलो, माणूस आणि टब वेगळे. आणि एक नळ जरी झिरपला तरी खाली दिसायला वर्ष जातं.

हा लॉफ्टचा लूक जिथून आला ती जागाच वेगळी होती हे कुणी सांगत नाही. न्यूयॉर्कच्या सोहोमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या कास्ट आयर्नच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या इमारती, त्यात कारखाने आणि गोदामं होती, यंत्रं आणि मालाचे ढीग पेलायला मजले बांधलेले. धंदे हलले, मजले रिकामे पडले, आणि चित्रकार-शिल्पकार तिथे स्वस्तात आणि बेकायदा राहायला लागले, कारण मोठ्या कॅनव्हासला उंच छत आणि भरपूर उजेड लागतो. १९७१ मध्ये शहराने कलाकारांना तिथे राहायची रीतसर परवानगी दिली, १९७३ मध्ये तो भाग हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट झाला, मग श्रीमंत आले आणि बहुतेक कलाकारांना ते भाडं परवडेना. तिथला मोकळा हॉल मुळातच मोकळा होता, बारीक लोखंडी खांबांवर उभा. आमच्याकडे तो हॉल भिंती पाडून करावा लागतो, आणि आमच्या कितीतरी इमारतींत भिंत हाच खांब असतो.

कास्ट आयर्नची तशी इमारत काळा घोड्यालाही आहे, एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचं वॉटसन हॉटेल. इंग्लंडहून लोखंडी सांगाडा आणून उभं केलेलं, १८७१ मध्ये सुरू झालेलं, ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचा सिनेमा भारतात पहिल्यांदा इथे दाखवला गेला. नंतर त्याच इमारतीत आत पार्टिशनवर पार्टिशन घालून खोल्या आणि छोटी ऑफिसं झाली, देखभाल कुणी केली नाही, २००५ मध्ये दर्शनी भाग कोसळून एकाचा जीव गेला आणि २०१९ मध्ये सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा खोल्या छोट्या करण्याची घाई होती आता मोठ्या करण्याची आहे, पण एकेकाने आपापल्या चौकटीपुरतं बघायचं आणि अख्ख्या बिल्डिंगकडे कुणी बघायचं नाही हे अगदी तसंच चाललंय.

आता नियमांचं. मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ मध्ये आले, देशात सगळ्यात आधी, याचा मला अभिमान आहे. त्यात वास्तूंना महत्त्वाप्रमाणे ग्रेड दिलेत, ग्रेड वनच्या म्हणजे सर्वात महत्त्वाच्या वास्तूला आतूनही सहसा हात लावता येत नाही, पण ग्रेड टू-ए आणि थ्रीमध्ये आतले बदल साधारणपणे चालतात, लक्ष मुख्यतः बाहेरच्या रूपावर. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत ओव्हल मैदानाभोवतीचा भाग आल्यापासून तर बाहेरची कमान, बाल्कनी, रंग यावर चर्चा खूप होते. पण लाकडी बीमच्या इमारतीला आत काय होतंय यानेच धोका होतो आणि तो रस्त्यावरून दिसत नाही.

कुणी म्हणेल जुन्या जागेत पैसा येतोय तर चांगलंच आहे. हो, यायलाच हवा, मी रिनोव्हेशनच्या विरोधात अजिबात नाही. डेव्हिड ससून लायब्ररी बघा, काँक्रीटचा स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर घातलं आणि २०२३ मध्ये ती परत उघडली, आत जाऊन बसलं की जीव सुखावतो. मागच्या गल्लीतल्या केनेसेथ इलियाहू सिनेगॉगचं काम २०१९ मध्ये पूर्ण झालं तेही तसंच. दोन्हीकडे वास्तू आधी आणि सजावट नंतर. आणि ज्या कलेच्या नावाने हे फ्लॅट विकले जातात ती कला तरी इथे कशी आली, १९५२ च्या जहांगीर आर्ट गॅलरीमुळे, १९६३ मध्ये तिच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झालेल्या गॅलरी केमोल्डमुळे, १९९९ पासूनच्या काळा घोडा महोत्सवामुळे, आणि फुटपाथवर चित्रं मांडून उन्हात बसणाऱ्या पोरांमुळे. त्यातल्या एकालाही हा लॉफ्ट भाड्याने परवडणार नाही, हे लिहिताना वाईट वाटतं.

माझं महापालिकेला, हेरिटेज समितीला आणि दुरुस्ती मंडळाला म्हणणं एवढंच की लाकडी बीमच्या आणि लोड-बेअरिंग म्हणजे वजन पेलणाऱ्या भिंतींच्या इमारतीत आतलं काम असेल तरी भिंत पाडण्याआधी आणि नवीन बाथरूम घालण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरचा ड्रॉइंगसकट रिपोर्ट सक्तीचा करा, त्याची कॉपी जिन्याखालच्या बोर्डावर लावा म्हणजे खालच्या माणसाला वाचता येईल. आणि जो माणूस एका मजल्यावर एवढा खर्च करतो त्याच्याकडून गच्ची, पाइप आणि जिन्याच्या दुरुस्तीचा वाटा काम सुरू व्हायच्या आधी घ्या, नंतर कुणी देत नाही.

तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी असा फ्लॅट छापाल तेव्हा बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं तेवढी एक ओळ फोटोखाली टाका. आमच्याकडे सध्या स्वयंपाकघरात दोन लोखंडी टेकू आहेत आणि बीमचं टोक बदलायचं एस्टिमेट वरच्यांना, मालकाला आणि मंडळाला तिघांनाही दिलंय, पावसाळ्याच्या आत उत्तर हवंय.

आपली,
एक भाडेकरू, फोर्ट, मुंबई