डांबरावरून खाली उतरायचं कुठे?

प्रति,
मा. रस्ते व पायाभूत सुविधा मंत्री,
नॉर्दर्न टेरिटरी शासन, डार्विन, ऑस्ट्रेलिया

महोदय,
सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला रीतसर पाठवली आहे. मराठीतून वेगळं लिहायचं कारण असं, की मेलबर्न-सिडनीची आमची मंडळी हल्ली जून-जुलैच्या सुट्टीत गाडीला कॅरव्हॅन जोडून सर्रास उत्तरेकडे निघतात आणि त्यातली काही टेबललँड्स हायवेला लागतात. तुम्ही काय करायला हवं हे इथे लिहिलंय, पण निघण्याआधी त्यांनाही हे कळलेलं बरं.

मागणी आधीच सांगून टाकते. या रस्त्याला दुसरी लेन नको. गाडी बाजूला घ्यायला पक्क्या जागा द्या.

बार्कली होमस्टेडपासून केप क्रॉफर्डपर्यंतचा हा रस्ता पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. मधे पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, फोनला रेंज जवळजवळ कुठेच नाही. (केप क्रॉफर्ड नावाला भूशिर, समुद्र तिथून बराच लांब आहे. तिथल्या रोडहाऊसचं, म्हणजे पंप-खानावळ-मुक्कामाच्या ठिकाणाचं, नाव हार्टब्रेक हॉटेल, आणि डिझेलचा भाव बघितला की ते पटतं.) नकाशावर या रस्त्याची रेघ पक्क्या रस्त्याची आहे. ते खोटं नाही. डांबर आहे, पण बहुतेक ठिकाणी एकाच गाडीपुरतं, जेमतेम साडेतीन-चार मीटर.

ते तसं का, हे तुमच्या खात्याला मी सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. १९६० च्या दशकाआधी इथल्या बार्कली पठारावरची गुरं पायीच हाकत नेत. ड्रोव्हर मंडळी महिनोन्‌महिने कळपामागे घोड्यावर असायची आणि वाटेत जनावरांचं वजन उतरायचं ते वेगळंच. मग केंद्र सरकारने उत्तरेत खास गुरांच्या वाहतुकीसाठी रस्ते बांधायला पैसे दिले. आजही त्यांना ‘बीफ रोड’ म्हणतात. अंतरं अफाट, वाहनं तुरळक, म्हणून डांबराची एकच पट्टी टाकली. त्या काळी तो हिशेब शहाणपणाचाच होता.

आता त्याच पट्टीवरून रोड ट्रेन, म्हणजे मागे एकामागोमाग ट्रेलर जोडलेले, साडेत्रेपन्न मीटरपर्यंत लांबीचे ट्रक धावतात. इथे स्टेशन म्हणजे गुरं पाळायचं अवाढव्य रान. एका ब्रुनेट डाउन्स स्टेशनचं क्षेत्रफळ १२,००० चौरस किलोमीटरहून जास्त आहे, म्हणजे आपले तीन गोवे त्यात मावतील. शेजारचं अलेक्झांड्रिया त्याहून मोठं. तिथली जनावरं बाजाराला जायची तर याच वाटांनी. आणि त्याच वाटेवर समोरून आम्ही येतो: मागे दोन-अडीच टनांचं घर, त्यात गॅस, फ्रिज, पाण्याची टाकी आणि पोळपाट-लाटणं.

समोरून रोड ट्रेन आली की तिने डांबर सोडायचं नाही, आपण सोडायचं. ही दांडगाई नव्हे. तीन ट्रेलर, प्रत्येकाला दोन मजले, सगळ्यांत उभी जिवंत जनावरं. म्हणजे भार वर, आणि तोही हलता. पुढचं चाक कडेवरून घसरलं तर मागचा ट्रेलर हेलकावतो, आणि एकदा तो कलंडला की सावरता येत नाही. हे मला मान्य आहे आणि ट्रक ड्रायव्हरांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. प्रश्न आहे तो पुढचा. आपण डांबर सोडायचं, ते कुठे?

बार्कलीचं पठार म्हणजे मिचेल गवताचा समुद्र आणि खाली भेगाळणारी चिकण माती. आमच्या सासूबाई लातूरच्या. गाडीतून उतरून त्यांनी ढेकूळ हातात घेतलं, बोटांनी चुरडलं आणि म्हणाल्या, “ही तर आपली काळी.” रंग जरा राखाडी, पण जात तीच. उन्हात हात जाईल एवढ्या भेगा, पाऊस पडला की फुगते, चिकटते आणि चाक गिळते. मराठवाड्यात ज्याने पावसात बैलगाडी काढलीय त्याला यापुढे सांगायची गरज नाही.

आम्ही गेलो तेव्हा अवेळी पाऊस नुकताच पडून गेला होता. रस्ता बंद नव्हता, निघण्याआधी रोड रिपोर्ट बघितला होता. अँथनी लगूनच्या अलीकडे यूएचएफ रेडिओवर (गाड्यागाड्यांत बोलायचा तो), चाळीस नंबरच्या चॅनेलवर आवाज आला: भरलेली गाडी घेऊन दक्षिणेकडे येतोय, कॅरव्हॅनवाले कुठे आहात? नवऱ्याने जागा सांगितली, वेग कमी केला, डावीकडे उतरवली. डांबराच्या कडेला वीतभर पायरी होती. कॅरव्हॅनचं डावं चाक त्या पायरीवरून उतरलं ते थेट रिमपर्यंत रुतलं. ड्रायव्हर भला माणूस. त्याने गाडी अगदी गोगलगायीच्या चालीवर आणली आणि हाताच्या अंतरावरून ते सहा मजले सरकत गेले. जाळीतून ब्राह्मन रक्ताची तांबूस जनावरं आमच्याकडे बघत होती. वशिंड, लोंबती पोळी, सगळं ओळखीचं. वरच्या मजल्यावरच्या शेणमुताचे शिंतोडे आमच्या काचेवर. रेडिओवर “थँक्स, मेट” आलं आणि पुन्हा सामसूम.

पुढे एका स्टेशनवरचा विशीतला पोरगा यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन आला. त्याने आमच्या टायरांतली हवा कमी केली, पट्टा लावला आणि ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत. सासूबाईंनी दिलेला बेसनाचा लाडू मात्र तिथेच उभ्याने संपवला. म्हणाला, मोसमात हे चालूच असतं, आमचं अर्धं काम हेच.

यात एक गंमत आहे, तिच्याकडे तुमचं लक्ष वेधायचंय. भाड्याने कॅरव्हॅन घेतली तर करारात बहुधा कच्च्या रस्त्याला मनाई असते. टेबललँड्स हायवे कागदोपत्री पक्का, म्हणजे त्यावर जायला परवानगी. पण प्रत्येक रोड ट्रेनला वाट देताना चाकं मातीतच उतरणार. तिथे काही झालं तर विमा कंपनी काय म्हणेल, हे ज्याचं त्याने ताडावं. गाडी भाड्याने घेणारा नवखा माणूस ‘पक्का रस्ता’ वाचून निघतो. उतरायचं असतं हेच त्याला माहीत नसतं. तो घाबरून डांबरावर थबकतो आणि पुढचं सगळं समोरच्या ड्रायव्हरच्या ब्रेकवर येतं.

मग दुसरी लेन का नको? काळ्या मातीत रस्ता रुंद करणं म्हणजे मुरूम लांबून आणायचा, भराव घालायचा आणि माती दर वर्षी फुगून-आकसून कडा फोडणार त्या कायम दुरुस्त करत राहायचं. शिवाय रस्ता रुंद झाला की वेग वाढतो. इथे मैलोन्‌मैल कुंपण नाही, गुरं संध्याकाळनंतर डांबरावर येऊन बसतात. तेव्हा अरुंद रस्त्याने माणूस शहाणा राहतो, असं माझं मत आहे. माझ्या नवऱ्याला ते पटत नाही, त्याला दोन लेन हव्यात.

मला हवंय ते एवढंच: ठराविक अंतरावर डाव्या-उजव्या बाजूला खडी दाबून केलेली जागा, कॅरव्हॅनसकट गाडी पूर्ण डांबराबाहेर जाईल एवढी लांब. ती कॅटल ग्रिडच्या (गुरं ओलांडू नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीच्या), चढाच्या आणि ओढ्यावरच्या फरशीच्या अलीकडे हवी, कारण तिथे पुढचं दिसत नाही. आधी पाटी हवी, आणि प्रत्येक जागेला नंबर. म्हणजे रेडिओवर “मी सात नंबरला थांबतोय” म्हणता येईल. आज “एका झाडाजवळ आहे” म्हणावं लागतं, आणि तिथे तर झाडही नसतं. विश्रांतीच्या जागा आहेत, पण त्या जेवायला-झोपायला. समोरून शंभर टन येतं तेव्हा जी जागा लागते ती वेगळी. डांबराच्या कडेच्या पायऱ्या पाऊस संपल्यावर दर वर्षी भरून घ्या, आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना एक मोठी पाटी लावा: कोणी उतरायचं, रेडिओ कुठल्या चॅनेलवर ठेवायचा, पावसानंतर काय करायचं.

पैसे नाहीत असं उत्तर येईल. बीटालू खोऱ्यातल्या गॅससाठी कार्पेंटारिया हायवे सुधारायला केंद्राकडून पैसे निघाले, तो हायवे याच रस्त्याच्या उत्तर टोकाला लागतो. तेव्हा पैसे कशासाठी निघतात, हा प्रश्न आहे. आम्ही पर्यटक वर्षातून एकदा येणार, आमचं सोडा. पण कोरेला क्रीकसारख्या वस्तीतल्या माणसाला रुग्णालय गाठायचं तर टेनंट क्रीकची वाट धरावी लागते, जुन्या मोटारीतून, पोरंबाळं घेऊन. या पठारावर वांबाया हे मूळनिवासी लोक गुरं येण्याच्या कितीतरी आधीपासून राहतात. गुरांचा धंदा उभा राहिला तोही त्यांच्याच श्रमांवर, आणि पगार तर बहुतेकांना गोऱ्या मजुराइतका १९६८ च्या डिसेंबरपर्यंत मिळायचा नव्हता. बाजूला घ्यायची जागा आमच्याआधी त्यांना लागते.

तुमचं सरकार जाहिरातींतून आम्हाला बोलावतं, आम्ही येतोही, आणि पुन्हा येऊ. मोसम मे महिन्यात सुरू होतो. सगळा रस्ता एका वर्षात होणार नाही हे कळतं. केप क्रॉफर्डकडून पहिल्या शंभर किलोमीटरांपासून सुरुवात करावी. कुठली वळणं, कुठले ओढे आधी घ्यावेत हे रोड ट्रेन चालवणाऱ्यांना विचारावं, त्यांना तोंडपाठ आहेत. उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, मराठीत मी करून टाकीन.

कळावे,
आपली,
मेलबर्नहून एक कॅरव्हॅनवाली